खोगीर कुणासाठी?

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, माझ्या स्क्रीनवर सारखी घोड्याची खोगिरं का दिसतात? घोडा घेतेयस का?" मी हसून विषय बदलला. तुझ्या ते लक्षात आलं असणारच. विषय बदलण्यात मी पहिल्यापासून कच्ची. म्हणून आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, शिलाई मशीनच्या फळीवरच कागद ठेवून लिहायला बसले आहे.

खोगीर मीच शोधलं. मधमाश्यांच्या पेट्या, दुर्बीण, बर्फात घालायचे बूट, तेही मीच. तू जाताना आपल्या दोघींचे फोन एकाच खात्याला जोडून दिलेस, किराणा घेते त्या मोठ्या दुकानाच्या सवलतीच्या कार्डावरही तुझाच नंबर घातलास, मला कटकट नको म्हणून. तेव्हा बरंच वाटलं होतं. पण सहा महिन्यांपूर्वी मी फोनवर एक गोष्ट शोधली, एकदाच, आणि तासाभरात तिच्याच जाहिराती हात धुऊन मागे लागल्या. संध्याकाळी तुझा फोन आला, "आई, आधाराच्या काठ्या कुणासाठी बघतेस?" मी म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंसाठी.

त्या बाई म्हणजे व्हायोलिन शिकवतात त्या. तू कधी विचारलंस तर सांभाळून घ्या, असं सांगायला लगेच त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "एकदा या जाहिरातवाल्यांच्या हाती लागलेलं खरं परत मिळायचं नाही. पण त्यात एवढी भेसळ कर, की त्यांचं त्यांनाच ओळखू येऊ नये."

मग आमचा उद्योगच सुरू झाला. तळमजल्यावर नवं बाळ असलेली मुलगी राहते, तिलाही ओढलं. तिघींची दुकानाची कार्डं एका वाडग्यात टाकायची आणि जी बाजाराला निघेल तिने डोळे मिटून एक उचलायचं. बाईंच्या धिप्पाड कुत्र्याचं खाणं कधी माझ्या कार्डावर, बाळाचे लंगोट कधी बाईंच्या. काउंटरवरच्या मुलीने एकदा विचारलं, "काकू, मागच्या आठवड्यात तुमच्याकडे कुत्रा होता, आता बाळ कसं?" मी म्हटलं, "घर मोठं आहे गं." तिनं बिचारीनं मान डोलावली.

फोनवरची भेसळ मात्र मी एकटीच करत होते. रोज जेवणानंतर अर्धा तास, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. सुरुवातीला काय शोधावं तेच सुचेना. मग हळूहळू सुचू लागलं आणि फोनने त्या सगळ्यातून एक बाई तयार केली. ती कुठल्याशा वाऱ्याच्या टेकडीवर राहते. तिच्याकडे करड्या रंगाचा घोडा आहे, कुंपणाला लागून मधमाश्या आहेत. थंडीत ती खाली उतरते तेव्हा बर्फावर तिच्या एकटीची पावलं उमटतात. फोन तिला विचारायचा, समुद्राकाठी छोटं घर बघायचं का? आणि मी म्हणायचे, बघू या. मांडीवर कुणाचा तरी उसवलेला कोट असायचा, खिडकीतलं ऊन कापडावरून सरकत जायचं आणि मी त्या घराच्या खोल्यांतून फिरत असायचे. खरं सांगते, त्या बाईचा मला लळा लागला. तिचे हात फार शांत होते. लगाम धरला की घोडा जागचा हलायचा नाही.

तुझे बाबा असते तर म्हणाले असते, आधी आहे त्या घरातले दिवे बंद करायला शीक. त्यांच्या आजारपणात तू शिक्षण अर्धवट टाकून आलीस. कुणी बोलावलं नव्हतं तुला. दवाखान्याच्या त्या हिरव्या बाकावर मांडीवर मिटलेलं पुस्तक घेऊन बसलेली तू अजून दिसतेस मला. ते वर्ष गेलं ते गेलंच. तू त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस, म्हणून मला ते जास्त लागतं.

काल तू नोकरी सांभाळून दिलेल्या परीक्षेत पास झाल्याचं कळलं. आता तुला सांगायला हरकत नाही. सहा महिन्यांपूर्वी मी शोधलं होतं, उजवा हात आपोआप का थरथरतो. डॉक्टर म्हणतात, कंपवात आहे. सुरुवात आहे, औषध लागू पडतंय. बटणांची काजं करणं मी सोडलं. बाकीचं काम होतं, जरा सावकाश. ज्या गोष्टीला मीच अजून सरावले नव्हते, ती ऐन परीक्षेत एखाद्या जाहिरातीने तुला सांगावी, हे मला सहन झालं नसतं. तुला ती माझ्याकडून, माझ्या अक्षरात कळायला हवी होती. अक्षर थोडं बारीक आलंय, तेवढं चालवून घे. आणि नोकरी सोडून येऊ नकोस. रजा मिळेल तेव्हा ये. हे वाचून लगेच फोन करू नकोस, आधी काय रडायचं ते रडून घे. मग कर आणि काय विचारायचं ते विचार. एवढे महिने मी साऱ्या जगाला खोटं सांगितलंय. तुला एकही सांगणार नाही.

तुझीच, आता काहीही न लपवणारी,
आई