बोरीच्या लाकडाचं पेन

२७ मार्च
शाळा सकाळची. घरी येऊन यांच्या लाकूड कातायच्या लेथवरची चादर काढली. जानेवारीत प्र. गेले तेव्हापासून ती कुणी हलवली नव्हती. खाली बोरीच्या लाकडाचं पेन, दोन तुकड्यांत. टोपण आणि खालची नळी. आकार देऊन झालेला, घासणं आणि चमक राहिलेली. पटाशीच्या बारीक रेघा बोटाला लागतात. यांनी शेवटचं हातात घेतलेलं लाकूड. इथं मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. चादर परत टाकली.

२९ मार्च
चंद्रकांतराव आले, जिल्हा समितीचे. खताचं दुकान मुलावर टाकून दिवसभर 'उदगीर वेगळा जिल्हा करा' म्हणत फिरतात. "वहिनी, कांबळे सरांनी शब्द दिला व्हता. जिल्ह्याच्या कागदावर पैली सही आपल्या मातीतल्या लाकडाच्या पेनानं. एक मेला घोषणा पक्की हाय." म्हटलं, पेन अर्धंच आहे. "मंग पुरं करा की. इतकी वर्षं बघितलंच असंल तुम्ही."
बघितलं. चहाचा कप ठेवता ठेवता जेवढं दिसतं तेवढं.
त्यांना चहा अर्धा कपच दिला. पाण्याच्या टंचाईचं सगळ्यांना माहीत आहे.

३१ मार्च
करायचं ठरवलं. का, ते विचारू नये. संध्याकाळी दुसरं काही नसतं, एवढंही पुरे.
बोरीला आधी हात लावायचा नाही. खोक्यात बाभळीचे टाकाऊ तुकडे आहेत, त्यावर शिकायचं. प्र. करायचे ते आठवून आठवून: लाकूड घासून पुसून घ्यायचं. लेथ हळू. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे थेंब कागदी रुमालावर घेऊन लाकडावरून फिरवायचे. वाळू द्यायचं. परत. असे पुष्कळ थर. मग वॉटर पेपर ओला करून घासायचा, जाड आधी, बारीक नंतर. शेवटी तोंड दिसेल इतकी चमक.
सांगायला सोपं.

२ एप्रिल
बोट भाजलं. कागदी रुमाल संपले होते, म्हणून यांच्या जुन्या बनियनचा तुकडा घेतला. धुऊन धुऊन मऊ झालेला, म्हटलं याहून चांगलं काय असणार. गोंद टाकला तर चिंधीतून धूरच निघाला. बोटाला चिकटली ती वेगळीच.
पल्लूला नांदेडला फोन केला. ती ड्यूटीवर होती. "आई, सुती कापडावर तो गोंद तापतो. बाबा एकदा केवढे ओरडले होते मला!"
मला कधी ओरडले नाहीत, म्हटलं.
"तू कुठं हात लावलास कधी लेथला."
बरोबर आहे. बर्नॉल लावलं. झोप लागली नेहमीसारखी. मला झोप लागते, याचंच लोकांना नवल वाटतं.

५ एप्रिल
कागदी रुमाल आणले. थर जमायला लागले. घाई केली की लाटा उठतात, जास्त घेतला की ओघळ. पहिला तुकडा विहिरीच्या दोरासारखा झाला.
गोंदाची वाफ डोळ्यांत गेली आणि घळाघळा पाणी. शेजारच्या मंगलबाईंनी खिडकीतून बघितलं. धावत आल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रडा वैनी, रडून घ्या. लई दिस झाले, म्या वाटच बघून राहिले व्हते." मी गोंदाचं सांगितलं नाही. त्यांना बरं वाटत होतं.

९ एप्रिल
आज जमलं! बाभळीचा दुसरा तुकडा. ओल्या कागदानं नीट घासला, वरून शेवटचे थर दिले. चकचकीत. खिडकीत ठेवला आणि जेवले. दोन घास जास्तच गेले.

१० एप्रिल
सकाळी बघितलं तर आतून पांढरट. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं. वरून पुसून जात नाही, चमकीच्या खाली आहे. कशानं, काही कळेना. गोंद जुना? की ही कोरडी हवा?

११ एप्रिल
कळलं. भात टाकताना कळलं. कागद मी तांदळाच्या धुवणात भिजवला होता. सध्या ते पाणी कोण फेकतं? आधी तांदूळ, मग तुळशीला किंवा फरशीला, इथं सगळ्यांचं तसंच. मला वाटलं, घासायलाच तर हवंय. मधेच कुठं थर फाटला असणार, त्यातून धुवण लाकडात शिरलं, वाळून पिठूळ झालं आणि मी वरून गोंदानं झाकलं. कायमचं.
बोरीवर केलं असतं तर? जानेवारीनंतर पहिल्यांदा कशाची तरी भीती वाटली.

१४ एप्रिल
जयंती. पांढरी साडी नेसून विहारात गेले, वंदना घेतली. सगळे भेटले. 'कशा आहात' ला 'बरी आहे' म्हणाले. मिरवणुकीत यंदा पाण्याचे स्टॉल नाहीत, लोक घरूनच बाटल्या आणत होते. पूर्वी प्र. माझी पर्स धरून उभे राहायचे आणि कंटाळायचे. परत आले. लेथ लावला नाही.

१८ एप्रिल
पिण्याच्या हंड्यातलं एक वाटी पाणी घेतलं. कुणी बघत नाही ना, असं उगाच वाटलं. त्यात कागद भिजवला. मधे मधे पुसत, अंगठ्यानं चाचपत. बाभूळ झाली. दोन दिवस ठेवून बघणार.

२० एप्रिल
तशीच आहे. स्वच्छ.

२३ एप्रिल
चंद्रकांतराव परत. पडेल चेहऱ्यानं. "घोषणा लांबली, वहिनी. दुष्काळात कुठं जिल्हा म्हणतेत." मग पेनाची घाई नाही, म्हटलं. "तसं न्हाई. मंत्रीसाहेब येऊन राहिलेत टँकरचं बघायला. त्यांना भेट देऊ म्हनलं, समितीची आठवन ऱ्हाईल. तीस तारखेला घेऊन जातो."
म्हणजे सही नाहीच. कुठल्या तरी टेबलाच्या खणात पडणार. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मला हल्ली नाही म्हणायलाही उशीर लागतो.

२६ एप्रिल
पल्लू आली सुट्टी काढून. बॅग ठेवायच्या आधी चादर काढली. खालच्या नळीवरून अंगठा फिरवत बसली बराच वेळ. "आई, हे घासू नको. बाबांचा हात आहे हा. असंच दे मला."
तिला टोकाची बारीक चीर दाखवली. परवा नव्हती. हवा इतकी कोरडी आहे की उघडं लाकूड टिकायचं नाही.
"मग रेघांवरूनच गोंद लाव."
रेघा उंचसखल आहेत. थर धरणार नाही, पापुद्रे सुटतील.
"म्हणजे ठेवायचं तर घासावं लागणार आणि घासलं की बाबा गेले."
मी उठून भांडी लावायला लागले. ती रडत होती. तिच्याजवळ बसायला हवं होतं. बसले नाही. काय झालंय मला, देव जाणे. (देव मानत नाही, तरी हात तसंच लिहितो.)

२८ एप्रिल
पल्लू सकाळच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, तुला वाटेल ते कर, मी चिडणार नाही. चिडली आहे.
चीर गोंदानं भरली. टोपण लेथवर चढवलं.

२९ एप्रिल
टोपण झालं.
आधी कोरडा कागद लावला. लालसर भुगा बोटांवर, लेथवर, साडीवर. रेघा जाताना काही आवाज होत नाही. मग थर. मग पिण्याचं पाणी, बारीक कागद. खिडकीशी नेऊन बघितलं. बोरीचा लाल रंग खोल गेलाय, आत दिवा असावा असा. कुठं ओघळ नाही, लाट नाही. पांढरं काही नाही.
यांची जुनी पेनं काढून शेजारी ठेवली. परत परत बघितलं. माझं जास्त चांगलं झालंय.
हे यांना दाखवलं असतं तर चष्मा लावून अर्धा तास चूक शोधत बसले असते. सापडली नसती. मग दिवसभर बोलले नसते माझ्याशी आणि रात्री जेवताना हळूच म्हणाले असते, कसं केलंस गं?
कुणाला सांगू, कसं केलं ते?
इथं जरा थांबावं लागलं. गोंदाची बाटली बंद होती, तरी.

३० एप्रिल, सकाळ
चंद्रकांतराव दहाला येतो म्हणालेत. टोपण टेबलावर आहे. खालची नळी लेथवर चढवली आहे, अजून घासलेली नाही. रेघा लागतात. कागद वाटीत भिजतोय. पल्लूचा फोन येऊन गेला, घेतला नाही. नळी घासायची की नाही, काय ठरलं म्हणून विचारेल. ठरलं असतं तर
दार वाजलं. एवढ्या लवकर?