कावळ्यांचा वेग

४ फेब्रुवारी

ती. ताई,

सा. न. वि. वि. यातला नमस्कार नेहमीचाच, विनंती मात्र या खेपेला खरीखुरी आहे.

तुझ्या गेम पार्लरमध्ये दाराजवळ दिवेवाल्याचं मशीन आहे ना, तोच गेम आमच्या जुन्या कन्सोलवर आणायचं काम माझ्याकडे आलंय. संध्याकाळ होते, दिवेवाला खांबांवर चढून गल्लीतले दिवे लावतो आणि कावळे येऊन ते विझवतात, तोच. तुझं मशीन कपाटाएवढं. आमचा कन्सोल म्हणजे घरातल्या टीव्हीला जोडायचा डबा, तोही नऊ वर्षांपूर्वीचा. कॅसेटमध्ये जागा किती, तर तुझी दहा-बारा लांबलचक पत्रं मावतील एवढी. तेवढ्यात चित्रं, आवाज, कावळे, सगळं कोंबायचं.

मूळ गेमवाल्यांनी चित्रांची फाईल दिली, मशीन दिलं नाही. या शहरात ते कुठे सापडतही नाही. सुट्टीत तुझ्याकडे खेळलो तेवढीच माझी ओळख. म्हणून तू घड्याळ घेऊन मशीनपाशी उभी राहा. कावळा पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला किती वेळात जातो, एका वेळी जास्तीत जास्त कावळे किती, दिवेवाला खांब किती वेळात चढतो, एवढं मोजून कळव.

ताई, चेष्टेवारी नेऊ नकोस. मागच्या गेमबद्दल एका मासिकाने छापलं की हा खेळ नव्हे, खेळाचा फोटो आहे आणि तोही हललेला. साहेबांनी ते कात्रण माझ्या टेबलावर आणून ठेवलं. आमच्या विभागात आता तिघंच उरलोय. हाही गेम फसला तर विभाग बंद आणि माझी नोकरीही गेली. वरच्या मजल्यावर नवीन कन्सोलवाले बसतात, त्यांना आमची गरज नाही.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला सध्या माझ्याकडे काही कारण नाही.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. लहानपणी माझ्या वह्या फाडून विमानं केलीस, आता माझी पत्रं किती जागेत मावतात ते मोजायला लागलास. प्रगती आहे.

तुझं काम फत्ते केलंय. समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई दुपारचे पेशंट संपले की एप्रन न काढताच आमच्याकडे येतात आणि त्या मशीनचा ताबा घेतात. त्यांच्याइतकं ते कोणाला जमत नाही. त्यांना खेळायला लावलं आणि मी तुझ्या भावोजींचं शर्यतीचं घड्याळ घेऊन शेजारी उभी राहिले. तीस वेळा मोजलं. मधेच एकदा बाई माझ्यावर खेकसल्या की तुमच्या टिकटिकीने माझा हात चुकतो.

तर लिहून घे. कावळा या कडेपासून त्या कडेला पावणेदोन सेकंदांत. कावळे जास्तीत जास्त सात. खांब चढायला एक सेकंद. भावोजींना आकडे दाखवले तर ते नुसते हं म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. त्यांना कुठल्याच गोष्टीचं कौतुक नाही, तुला माहीतच आहे.

जेवणाच्या वेळा पाळ. मासिकवाल्यांना म्हणावं, आधी स्वतः एक कावळा उडवून दाखवा. आशीर्वाद भरपूर पाठवलेत, जपून वापर.

तुझी,
ताई

३ मार्च

ती. ताई,

सा. न. वि. वि. हे पत्र वाचून वाईट वाटून घेऊ नकोस, एवढीच विनंती.

जमत नाही. महिनाभर डोकं आपटून झालं. या कन्सोलला एका ओळीत ठरावीक आकृत्याच दाखवता येतात, त्याहून जास्त झाल्या की त्या लुकलुकायला लागतात. पाच कावळ्यांपर्यंत निभावतं. सहावा आला की कावळे दिसतात न दिसतात, आणि सातव्याला दिवेवाल्याचे पायच गायब होतात. त्यात तुझ्या पावणेदोन सेकंदांचा वेग. तो गाठायला मी आधी संध्याकाळचं आकाश काढून टाकलं, मग खिडक्या काढल्या, मग गाणं. आता काळ्या पडद्यावर एक माणूस मुकाट्याने खांब चढतोय. बघवत नाही.

साहेबांनी परवा थोडंसं खेळून पाहिलं. म्हणाले, मला आठवतो तो गेम असा नाही. ते मला कळत नाही का? पण वेग कमी केला तर तो दिवेवाल्याचा गेम राहणार नाही, आणि मला पुन्हा हललेला फोटो विकायचा नाही.

शुक्रवारी तेरा तारखेला त्यांना सगळं दाखवायचं आहे. होत नाही म्हणून सांगून टाकीन म्हणतो. बाकीच्या दोघांच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटते. त्यातल्या एकीने मागच्याच महिन्यात घर बदललंय, माझ्या भरवशावर. जेवण नीट जात नाही, हे तुला आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू विचारणार नाहीस. तुझ्या तीस वेळा मोजण्याचं चीज झालं नाही, ते पोटात घाल.

लोभ असू दे. त्याची आता खरंच गरज आहे.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्या,

आशीर्वाद नंतर. आधी हातातलं काम खाली ठेव आणि हे नीट वाच. साहेबांना काहीही सांगायच्या आत वाच. एवढे आकडे फोनवर सांगितले असते तर तू गडबडीत भलतेच लिहून घेतले असतेस, म्हणून जलद डाकेने पाठवतेय.

काल दिवेवाल्याच्या मशीनची दांडी मोडली. दुरुस्तीवाला आला, मागची फळी काढून आत डोकावला आणि त्याने विचारलं की ही बटणं सगळ्यात अवघडवर कोणी नेऊन ठेवली. मला कळेना कसली बटणं. तर म्हणे आत बारीक बटणांची एक पट्टी असते, तिने गेम सोपा किंवा अवघड करता येतो. कारखान्यातून मशीन मधल्या जागी लावून येतं. मी भावोजींकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

चार वर्षांपूर्वी मशीन आलं त्याच आठवड्यात यांनी हा उद्योग केलाय. डॉक्टरीणबाई एका डावात तास तास मशीन अडवायच्या आणि मागची रांग कुरकुर करायची. म्हणून यांनी गुपचूप कावळे वाढवले, वेगही वाढवला. बाई हटल्या नाहीत, उलट तरबेज झाल्या. मी आकडे दाखवले तेव्हा तरी बोलायचं होतं ना? तर म्हणतात, विसरलो होतो. ते हं आठवतंय ना तुला? ते विसरलेल्या माणसाचं हं नव्हतं. बाईंच्या कानावर जाईल म्हणून गप्प बसले होते. काल त्यांना मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

दुरुस्तीवाल्याकडून बटणं मूळच्या जागी आणून घेतली आणि पुन्हा मोजलं. कावळा पावणेतीन सेकंदांत. कावळे पाच. सहावा येतच नाही, वाट बघून बघून थकले. खांब चढायला तेवढाच वेळ. बाई म्हणाल्या, तुमचे कावळे एकाएकी म्हातारे झाले.

धाकट्या, महिनाभर तू माझ्या चुकीच्या आकड्यांच्या मागे धावलास. मला रात्रभर झोप नाही. तू अडाणी नाहीस, तुझा डबा वाईट नाही, आमचं मशीनच खोटं होतं. आता आशीर्वाद घे, दुप्पट घे, आणि कामाला लाग.

तुझी चुकलेली,
ताई

१४ मार्च

ती. ताई,

सा. न. वि. वि. आज नमस्कार खरोखरच साष्टांग आहे, ऑफिसच्या फरशीवर घातलेला.

तुझं पत्र बुधवारी आलं. जिन्यात उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच बसून हसत सुटलो. हसता हसता डोळे भरून आले. वरच्या मजल्यावरचा एक जण पाय उचलून मला ओलांडून गेला, त्याला वाटलं असेल की याला काढून टाकलं.

पाच कावळे! ताई, पाच कावळे हा डबा आनंदाने उडवतो. आम्ही तिघं कामाला बसलो. वेग उतरवल्याबरोबर डब्यावरचा भार एवढा हलका झाला की एकेक वस्तू परत आणता आली, घर लावल्यासारखी. खिडक्या आल्या. गाणं आलं. आकाश सगळ्यात शेवटी, शुक्रवारी सकाळी.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि खेळायला लागले. अर्धा तास उठले नाहीत. आमची तिघांची बोटं एकमेकांत अडकलेली. मग त्यांनी टाय सैल केला आणि म्हणाले की प्रवासात हॉटेलांमध्ये हा गेम मी पुष्कळ खेळलोय, तो अगदी असाच होता. जाताना दारातून विचारलं की यानंतर कुठला गेम घेताय. विभाग राहिला, ताई. आम्ही तिघंही राहिलो.

भावोजींवरचा राग काल दोन ताटं जेवलो तेव्हाच गेला. डॉक्टरीणबाईंना सांग, त्यांच्यासाठी अवघड डावही ठेवलाय. त्यात कावळे लुकलुकतात, तेवढं चालवून घ्या म्हणावं. आता लोभ वाढवायला हरकत नाही.

तुझा,
धाकटा

२१ जून

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. कॅसेट दुकानात आली त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी कन्सोलसकट विकत घेतली आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत टीव्हीला जोडली. काल मला हाताला धरून घेऊन गेल्या.

मी अकरा वर्षं पार्लर चालवतेय, पण दांडीला हात लावते तो फक्त पुसायला. कधी एक डाव खेळले नव्हते. वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हे सगळं मला पोरकट वाटायचं. तू काय काम करतोस असं कोणी विचारलं की कंप्युटरमध्ये आहे म्हणून विषय संपवायचे.

सात वेळा पहिल्याच खांबावरून पडले. बाई हसून हसून खुर्चीत आडव्या. आठव्या वेळी दिवे लागत गेले, एक, दोन, पाच, आणि अख्खी गल्ली उजळली. मागचं आकाश हळूहळू निळं होत गेलं आणि कुठूनसं ते गाणं सुरू झालं. बाईंनी सांगितलं की मशीनवर हुबेहूब असंच होतं. मी म्हणाले, हे आकाश आमच्या धाकट्याने केलंय. एवढं म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. बाईंनी कापूस पुढे केला, त्यांच्याकडे रुमाल नसतो.

मग मी नववा डाव लावला. पार्लर दोन तास भावोजींनी सांभाळलं.

लोभ कुठे जातोय, आहेच. आता कोणी विचारलं की धाकटा काय करतो, तर त्याला हाताला धरून दवाखान्यात नेते.

तुझी,
ताई