फौजदाराची वाटी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. मी धडधाकट आहे. कोंबड्या बऱ्या आहेत, अंडी वेळेवर जातात. खुराड्याची जाळी एकदाची बदलून घेतली. फोन तू उचलत नाहीस, आणि का उचलावास म्हणा! म्हणून अंड्यांच्या टेम्पोवाल्याच्या हाती हे पत्र देतेय. माल उतरवला की तो थेट तुझ्या खोलीवर येईल.

तिकडे थंडी असेल. स्वेटर घालत जा, नुसता खुंटीला लावू नकोस.

बरं, तुझ्या बोक्याबद्दल. गेल्या आठवड्यात मी फोनवर तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुझ्या त्या डब्यातल्या महागड्या खाण्यानंच फौजदार आजारी पडला. तू एवढंच विचारलंस, "ताई, तू त्यात लसूण-बिसूण तर घालत नाहीस ना?" झालं, माझं टाळकं सरकलं. ज्याला लहानाचा मोठा केला तो मला शिकवणार! "नाही" म्हटलं, आणि वर "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस" असंही म्हटलं.

घालत होते रे.

त्याच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या. कोंबड्यांना मी पाण्यातून लसूण देतेच, आईपासूनची सवय आपली. म्हटलं, त्यांना चालतं तर या राजेसाहेबांना काय धाड भरलीय? रोज दोन पाकळ्या ठेचून त्याच्या वाटीत कालवायचे. तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. मग मी त्याला मांडीवर घेऊन, लाडीगोडी लावून बोटानं भरवायचे. माझ्यासाठी खायचा बिचारा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "वेगळं काही खायला दिलंत का?" मी तिथेही नाही म्हटलं. तुझं खरं ठरेल याची लाज वाटली मला. त्या बिचाऱ्या भलताच आजार शोधत बसल्या. मग त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी चहासारखी व्हायला लागली, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "मावशी, कच्चा, शिजवलेला, पूड, कसाही असो, मांजराला लसूण द्यायचाच नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्यानं. कोंबडीचा उपाय मांजराला कशाला केलात? निदान विचारलं तेव्हा तरी सांगायचं."

आता औषध चालू आहे. पोटात अन्न गेलं तर वाचेल म्हणतात. पण माझा हात जवळ गेला की तो भिंतीकडे वळतो. साबणानं घासले हात, लिंबानं घासले. तरी नाहीच. एवढासा होता तेव्हा तू त्याला कापसाच्या बोळ्यानं पाजून जगवलंस. तुझ्या हातचं खाईल तो, नक्की खाईल.

माफी नंतर मागेन. आधी त्याला भरव, मग मला हवं ते बोल, मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. टेम्पोवाल्याला पुढची सीट रिकामी ठेवायला सांगितलंय. तू बसल्याशिवाय तो गाडी हलवणार नाही.

पाऊल ठेव रे या घरात.

वाटीपासून लांब बसलेली,
तुझी ताई