दफनाचं गाणं जलद वाजवल्याबद्दल

तीर्थस्वरूप मावशीस,

प्रभूमध्ये साष्टांग सलाम. (नुसता सलाम केला तर तू म्हणतेस, कमरेचं हाड मोडलं का, आणि साष्टांग घातला तर पाळकसाहेब म्हणतात, हे आपल्यात बसत नाही. म्हणून दोन्ही एकत्र पाठवतोय, तुला हवा तो ठेवून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? नवी कवळी बसली का? बोलताना मध्येच शिट्टी वाजते असं तू मागे लिहिलं होतंस, पण ती कुठल्या सुरात वाजते ते लिहायला विसरलीस. जावईबापू तुला अजूनही गाताना आवाज कमी करायला सांगतात का? सांगत असतील तर त्यांच्यासाठी प्रार्थना कर, आणि ती मोठ्याने कर. आम्ही सगळे प्रभुकृपेने ठीक आहोत. म्हणजे मी ठीक नाही, पण त्यात कृपेचा दोष नाही.

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणतो, पण तू मला ओळखतेस. सुरुवातीची चाल दोनदा वाजवल्याशिवाय मी गाण्यालाही हात घालत नाही.) तुझ्या भाचेसुनेने, म्हणजे आमच्या घरच्या वार्ताहराने, तुला फोनवर कळवलंच असेल की तुझ्या भाच्याने इस्पितळात जाऊन चांगल्या जित्याजागत्या माणसांपुढे दफनाचं गाणं वाजवलं, आणि तेही लग्नाच्या मिरवणुकीच्या थाटात. मावशी, यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि तरीही मी निर्दोष आहे. येत्या रविवारी उपासना संपली की मंडळीचे पंच बसणार आहेत आणि विषय एकच आहे: आपल्या देवळातल्या पायपेटीच्या बाकावर यापुढे मी बसायचं की पाळकसाहेबांच्या जावयाने. जावयाने विजेवर चालणारा कीबोर्ड घेतलाय. त्यातलं एक बटण दाबलं की ढोल वाजतो, दुसरं दाबलं की चाळीस व्हायोलिनं एकदम रडायला लागतात, आणि तिसरं दाबलं की जावई जेवायला घरी गेला तरी गाणं चालूच राहतं. पंचांना हे तिसरं बटण फार आवडलंय. ते बाजा घेताहेत की जावई टाळताहेत, हे मला अजून कळलेलं नाही.

तू हसशील, पण मला हसता येत नाही. सहा दिवस मी चष्म्याच्या दुकानात उभा राहून लोकांच्या नाकांची मापं घेतो. वाईट काम नाही, पण नाक मोजून कुणी मोठा झालेला मी पाहिला नाही. रविवारी त्या बाकावर बसलो, पायाखाली भाता भरला, की मी कुणीतरी असतो. तो बाक गेला तर माझ्याकडे नाकंच उरतील. पेटी तुझ्या घरातून आलेली, मला तिच्यापुढे कान धरून तूच बसवलंस, आणि पंचांपैकी निम्मे तुझ्या रविवारच्या शाळेत शिकले असल्यामुळे तुझं नाव निघालं की अजून सरळ बसतात. तेव्हा तुझ्या हातचं एक पत्र रविवारच्या आत त्यांच्यापुढे पडलं पाहिजे. पण आधी माझी बाजू ऐक.

सगळ्याचं मूळ पाळकसाहेबांच्या शिबिरात आहे. दरवर्षी ते कुठल्याशा शिबिराला जातात आणि येताना एखादा नवा ताप घेऊन येतात. यंदाच्या तापाचं नाव लोकसंपर्क. मंडळीने चार भिंतींच्या बाहेर पडलं पाहिजे, असं त्यांनी चार भिंतींच्या आत इतका वेळ सांगितलं की आम्हालाही बाहेर पडायची घाई झाली. पहिला प्रयोग चौकात झाला. आम्ही उन्हात उभं राहून तीन गाणी म्हटली, गर्दीही बरी जमली. शेवटी पुढच्या माणसाने मोठ्या अदबीने विचारलं, दंतमंजन कधी दाखवणार? तेव्हा असं ठरलं की ज्यांना उठून जाता येत नाही अशा लोकांकडे जावं. म्हणून इस्पितळ.

आमचं गायनमंडळ तू सोडून गेलीस तेव्हापासून फारसं सुधारलेलं नाही. शिंपी खालचा आवाज लावतो. त्याच्याकडे सूर एकच आहे, पण पक्का आहे, शिलाईसारखा उसवत नाही. गणिताच्या बाई वरचा आवाज लावतात आणि मात्रा मोजतात; अलीकडे मोजणं जास्त ऐकू येतं. आणि आपला निवृत्त पोस्टमन, त्याने जन्मभर पत्रं वेळेवर टाकली, पण गाण्यात तो अजूनही एक ओळ मागून पोचतो. असे आम्ही चौघे, एक हातपेटी घेऊन, पुरुषांच्या वॉर्डाच्या दारात उभे राहिलो. तिथल्या सिस्टरने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि गीतपुस्तकं काढून घेतली. बाहेरची धुळकट पुस्तकं आत चालणार नाहीत, गायचं तर तोंडपाठ गा.

इथेच घोडं पेंड खातं. आमच्या लोकांना तोंडपाठ काही येत नाही. येणार कसं? दर रविवारी पुस्तक हातात असतं. बिनपुस्तकाची फक्त दफनाची गाणी, कारण कबरस्थानात एका हातात छत्री असते, दुसऱ्या हातात रुमाल, आणि पान उलटायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. ही आपल्या मंडळीची जुनी रीत. लहानपणापासून माती देऊन देऊन ती गाणी आमच्या हाडांत भिनली आहेत. पाळकसाहेब असते तर त्यांनी काही मार्ग काढला असता, पण ते मोठ्या डॉक्टरांबरोबर खाली चहा पीत लोकसंपर्क करत होते. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिंपी हळूच म्हणाला, "यांना काय कळतंय? सुरू करा."

आणि मावशी, खरं सांगतो, सुंदर झालं. 'थकल्या जिवा, ओझं टाक, घर जवळ आलं,' असं आम्ही संथपणे म्हणू लागलो आणि सगळा वॉर्ड सुखावला. घर जवळ आलं म्हणजे आता घरी सोडणार, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला. ज्याचा पाय प्लास्टरमध्ये घालून वर टांगला होता तो बायकोकडे बघून हसला. एका आजोबांनी उशाखालच्या वस्तू आवरायला घेतल्या. दुसरं कडवं संपलं आणि खिडकीजवळच्या खाटेवरचा एक वाळका, मिशीवाला म्हातारा उठून बसला. तो जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. वॉर्डात त्याला सगळे बँडमास्तर म्हणत. तो आपल्या धर्माचा नाही, पण सूर ओळखायला बाप्तिस्मा लागत नाही. तो अगदी ओळखीचा माणूस भेटल्यासारखा खूश होऊन म्हणाला, "अहो, हे आम्ही प्रेतापुढे वाजवायचो."

पुढचं काय सांगू? सगळ्या वॉर्डाची पाचावर धारण बसली. टांगलेला पाय स्वतःच्या वजनासकट पळायला बघू लागला. आजोबांनी आवरलेल्या वस्तू पुन्हा उशाखाली ठेवल्या. कोपऱ्यातला एकजण, ज्याचं दुसऱ्या दिवशी नुसतं गळू कापायचं होतं, आपल्या चपला मागू लागला. गणिताच्या बाई मोजायच्या थांबल्या, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ध्यानात घे. मी आयुष्यात पुष्कळदा चुकीची पट्टी दाबली आहे, पण चुकीची खोली दाबण्याची ही पहिलीच वेळ. तेवढ्यात बँडमास्तरच मदतीला धावला. म्हणाला, "घाबरता काय? हेच आम्ही मिरवणुकीतही वाजवायचो. पेटीवाले, जरा दामटा की." (नंतर त्याने मला समजावून सांगितलं. बँडकडे चाली मोजक्याच आणि गिऱ्हाइकं दोन प्रकारची. तीच चाल संथ वाजवली की अंत्ययात्रा, जलद वाजवली की वरात. दोन्हीकडून कधी तक्रार आली नाही, कारण जो तो आपल्याच व्यापात असतो.)

हाताला धर्म नसतो, मावशी, सवय असते. कुणी दामटा म्हटलं की तो दामटतो. मी चाल दुपटीने धरली. बँडमास्तरने जेवणाचा डबा उपडा घालून ताल दिला. शिंप्याचा तो एकच सूर अचानक मोठ्या ढोलासारखा लागू पडला. पोस्टमन जन्मात पहिल्यांदा ओळीवर वेळेत पोचला आणि स्वतःच दचकला. टांगलेल्या पायाचा दुसरा, मोकळा पाय खाटेवर ताल देऊ लागला, आणि चपला मागणारा चपला मिळताच पळायच्या ऐवजी सलाइनचा दांडा हातात धरून खाटांमधून गोल फिरू लागला. सिस्टर दारातून हळू, हळू म्हणत होती, पण तिचा पांढरा बूट काही वेगळंच म्हणत होता. नेमकी हीच घटका साधून पाळकसाहेब मोठ्या डॉक्टरांना घेऊन वर आले. त्यांना दिसलं ते असं, की त्यांच्या मंडळीचा पेटीवाला कबरेच्या गाण्यावर रोगी नाचवतोय.

पवित्र गीताचा अवमान, असं कलम माझ्यावर लावलंय. मी म्हणतो, लोकांत जा असं कुणी सांगितलं? गेलो. लोकांनी आपलं गाणं हातात घेतलं आणि त्यांना हवं तसं वापरलं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने चष्मा कपाळावर चढवला तर मी तो काढून घेत नाही. पण हे पाळकसाहेबांना कोण सांगणार? संपर्क त्यांना हवाय, लोक नकोत.

तू मला नेहमी विचारतेस, तुझी श्रद्धा आहे की नुसती पेटी आहे? मी आजवर टाळत आलो, पण आता पंच विचारतीलच, तेव्हा आधी तुला सांगतो. मला प्रार्थना जमत नाही. डोळे मिटले की नळ बंद केला का ते आठवतं. उपदेश चालू असताना मी पुढच्या गाण्याचं पान शोधत असतो, आणि ते सापडल्यावरही शोधत राहतो. पण गाणं सुरू व्हायच्या आधी सगळी मंडळी एकदम श्वास आत घेते ना, पेटीही घेते आणि माणसंही, त्या एका क्षणाला मला कुणी विचारलं की देव आहे का, तर मी बिनदिक्कत हो म्हणेन. (पुढे गाणं सुरू होतं आणि शिंप्यामुळे पुन्हा शंका येते.) त्या दिवशी वॉर्डात तोच श्वास मला ऐकू आला. कुणाला धाप, कुणाच्या नाकात नळी, आणि तरी सगळ्यांनी मिळून घेतलेला. आपल्या देवळात तो इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं. पेटीवर मान खाली असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

तर पत्रात काय लिहायचं ते मीच सुचवतो, तुझ्या डोळ्यांना त्रास नको. 'माझा भाचा नम्र, आज्ञाधारक व भाविक असून त्याच्याकडून पुन्हा अशी आगळीक होणार नाही. तरी त्यास बाकावर कायम ठेवावे.' खाली तुझी सही, आणि जमल्यास एखादं वचन, दटावणारं. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा (एके काळचा तरी) लाडका भाचा

ता.क. 'नम्र' काढून टाक. पंच मला ओळखतात. एका शब्दापायी बाकीचं पत्रही खोटं वाटायचं.

पुन्हा ता.क. पत्र टाकायचं राहिलं आणि खिशातच घेऊन मी बँडमास्तरला बघायला गेलो. त्याचं ऑपरेशन झालंय. फुप्फुसाचा एक तुकडा काढला. जगेल, पण डॉक्टर म्हणतात, क्लॅरिनेट आता कायमचं बंद. त्यानेच ते मला हसत हसत सांगितलं, विकायला काढलंय म्हणाला, पण वाजवून दाखवता येत नाही तर गिऱ्हाईक पटणार कसं. मग तुमच्या देवळात कुठली पेटी आहे, असं विचारलं. मी पायपेटीचं वर्णन केलं, भात्याचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे श्वास आपला लागत नाही?" मी म्हटलं, नाही, पाय लागतात. त्याने पांघरुणाखालच्या आपल्या पायांकडे पाहिलं. न्हाणीघरापर्यंत जाऊन आला तरी त्याला धाप लागते. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाय मी मारतो, बोटं तुम्ही फिरवा." बोलून बसलो, मावशी. आता माघार घ्यायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही.

शेवटचा ता.क. पाळकसाहेबांना विचारून झालं. बाप्तिस्मा नसलेल्या माणसाला पेटीला हात लावू देता येत नाही म्हणाले. तेव्हा वरचं सगळं पत्र वाचून विसर, आणि पंचांना फक्त दोन ओळी लिही: पेटी आमची आहे, आमच्या यजमानांनी ती मंडळीला दान केली नव्हती, नवी येईपर्यंत वापरायला दिली होती, आणि आता मला ती परत हवी आहे. सिस्टरने वॉर्डात भिंतीलगत जागा मोजून ठेवली आहे, शनिवारी हातगाडी येते आहे, एका बाजूला शिंपी धरणार आहे. मला वाईट वाटेल का म्हणशील तर फार वाटेल. काल दुकानात एका बाईंचं नाक मी तीनदा मोजलं. पण तू पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल असं बघ. मग रविवारी पंचांनी बाकावर मला बसवायचं की जावयाला, ते अगदी सावकाश आणि प्रार्थनापूर्वक ठरवावं. बाक त्यांचाच आहे, तो आम्ही नेणार नाही.