चित्रातल्या बाईला विचारायचंय

शनि. ८ मार्च
मितालीनं ओढत म्युझियमला नेलं. "तीन महिने घरात बसलीयस, आई." बसू नको तर काय करू? नवरा गेलाय माझा.
एक मोठं तैलचित्र. फ्रान्सचं, दीडशे वर्षांचं. झाडं, धुकं, पुढे वाद्य घेतलेला माणूस, मागे बायको. तिचा हात धरलाय. मला वाटलं लग्न लागलंय. मिताली म्हणाली, ती मेलीय, तो यमाकडून परत आणतोय. म्हणजे सावित्रीचंच की, उलटं. अट एकच, बाहेर पडेपर्यंत मागे बघायचं नाही.
"मग आणली?"
"नो. त्यानं लुक बॅक केलं."
एवढ्याशाला? मी ओरडलेच. गार्ड बघायला लागला.

रवि. ९
चित्र डोक्यातून जाईना. दोन पोळ्या करपवल्या.

मंगळ. ११
लिहूनच टाकते. कुणाला सांगितलं नाही.
त्या सकाळी पाटील काकूंच्या साठ पुरणपोळ्यांची ऑर्डर. ह्यांनी तिसऱ्यांदा गाडीची किल्ली विचारली. मग दारातून, "येतो गं." सव्वीस वर्षं मी "या" म्हणत आले. त्या दिवशी म्हटलं, "जा एकदाचे."
तासाभरात पोलीस दारात. हायवेवर ट्रक.
जा म्हटलं आणि गेले.

गुरु. १३
मितालीला सांगितलं, भांडी घासताना. तोंड न बघता.
"सो? बाबा जातच होता ना?"
"होता नाही, होते. अगं, निघालेल्या माणसाला जा म्हणत नाहीत. या म्हणतात."
"इट्स द सेम थिंग, आई."
मिठी मारली तिनं. साबणाचे हात तसेच. पण काय माफ करायचं तेच तिला कळेना, तर माफ काय करणार. इथं परदेशात वाढलेली पोर, मराठी शिकवायचा मीच कंटाळा केला.

शनि. १५
आज मीच म्हटलं, चल.
आमच्या गावाहून, शुगर लँडहून, तासभर ट्रॅफिक. थेट त्याच चित्रापुढे. त्या माणसाकडे बघितलंसुद्धा नाही, बाईचं तोंड बघितलं. खाली मान. काही कळत नाही.
मितालीला विचारलं, त्यानं मागे बघितल्यावर ही काय म्हणाली? शिव्या घातल्या?
फोनवर शोधलं तिनं. म्हणाली, कम्प्लेंट केली नाही म्हणे. गप गेली.
"रागानं गप, की राग आलाच नाही?"
बराच वेळ वाचत बसली पोरगी. शेवटी डोळे पुसून म्हणाली,
"ते कुठेच लिहिलं नाहीये, आई."