राखेत लिहिलेला शब्द

हिंगणा रोड, नागपूर
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना आयुषचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. खुशीची सहामाही आटोपली, गणितात जरा घसरली. दिपालीचा खोकला कमी आहे. थंडी वाढते आहे, गुडघ्याला जपा. गाडीची सर्व्हिसही राहिली आहे, ती

पाहा, आलो पुन्हा गाडीवर. तुम्ही माझा फोन उचलत नाही हे बरंच आहे. फोनवर मी तोंड उघडलं की विकायलाच लागतो. म्हणून कागद घेतला.

परवा मामींनी दिपालीला सगळं सांगितलं. कोराडीच्या वीज प्लांटची राख तुमच्या गाडीवर बसते आणि तिच्यावर कोणीतरी बोटाने ‘दलाल’ लिहून जातं. तुम्ही पहाटे उठून गाडी धुता आणि मामींना म्हणता, राख फार झाली. प्लांटच्या बसमध्ये तुमच्या शेजारी कोणी बसत नाही. का, ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे.

अक्षय तृतीयेला तुम्ही गाडी घेतलीत. तुमच्या कोटेशनवरच्या दोन ओळी मी पेनाने खोडल्या होत्या: हँडलिंग चार्ज आणि अ‍ॅक्सेसरीजचा संच. पहिला घ्यायलाच नको, दुसरा कोणावर लादायला नको. पण आमच्या शोरूममध्ये तेच सगळ्यांकडून घेतात. तुमच्याकडून घ्यायला हात धजला नाही. तुमच्याच क्वार्टरमध्ये राहून मी शिकलो. तुम्हाला वाटलं, किंमत सगळ्यांना हीच आहे. मीही तसंच वाटू दिलं.

मग मोठी पुठ्ठ्याची चावी हातात धरलेला तुमचा फोटो मी जाहिरातीत टाकला. ‘मनोहररावांनी घेतली. एकच किंमत, छुपा खर्च नाही.’ तुम्ही लाजत हो म्हणालात, पोराचं टार्गेट पुरं होईल म्हणून. कॉलनीतल्या पाच जणांनी तुमचं तोंड पाहून गाडी बुक केली. प्रत्येकाला पासष्ट हजार जास्त पडले.

इथपर्यंत तुम्ही कदाचित ताडलं असेल. पुढचं दिपालीलाही आजच सांगितलं.

दसऱ्याच्या आधी रुपराव शोरूममध्ये आले. तुमच्याच शिफ्टमधले, तुमच्या डब्यातली भाकर खाणारे. तुमचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी कोटेशन माझ्यासमोर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “मनोहररावले आठ दहा अन मले आठ पंच्याहत्तर. काहून गा?”

त्यांच्याही दोन ओळी खोडता आल्या असत्या. महिन्याची शेवटची गाडी होती, साहेब काचेतून पाहत होते. मी हसलो आणि म्हणालो, “मामाचंबी थोडं पाहा लागते ना काका.”

बस, एवढंच. वरचे पैसे तुमच्या खिशात जातात असं रुपराव समजले आणि त्यांनी सही केली. तुमच्यावर विश्वास होता म्हणून नाही. मुलीच्या सासरी गाडीची तारीख सांगून बसले होते म्हणून.

मामा, तुम्ही कोणाच्या चहाचे पैसे ठेवत नाही. तुमच्या नावाने मी हे बोललो. दीड महिना रोज टाय बांधून त्याच टेबलावर बसलो.

दिपालीने इथवरचं पत्र वाचलं. म्हणाली, “नोकरी जाईन तं जाईन. पण मामाजी आतल्या आत खंगून गेले तं कोणाले तोंड दाखवशीन?” परवापासून मलाही दुसरं काही सुचत नाही. मामींनी सांगितलं की तुम्ही जेवत नाही. जेवा. वाटलं तर माझ्यावर राग काढायसाठी जेवा, पण जेवा.

तुम्ही हे पत्र चुलीत घालाल आणि पोरगं चुकलं म्हणून मला झाकाल, हे मी ओळखून आहे. म्हणून हेच सगळं वेगळ्या कागदावर लिहून, सही करून, त्याच्या झेरॉक्स सकाळीच त्या पाचही जणांना रजिस्टरने पाठवल्या, पहिली रुपरावांना. सहावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. आता परत घेता येणार नाही.

रविवारी येतो. दार उघडलं नाहीत तर बाहेर गाडीपाशी थांबेन. तोवर कोणी लिहिलं तर पुसू नका. धुवायचं काम माझं आहे.

त्या शब्दाचा खरा धनी,
आयुष