निळी सायकल माझ्याकडे आहे

ताइपिंग,
२१ ऑगस्ट, सोमवार

प्रिय डोरीन,

तू बरी असशील. रोज सकाळी तळ्याला फेऱ्या मारणाऱ्या बाईला काय धाड भरली आहे? मीही ठीक. पाठ आणि कोपर दुखतंय, त्याचं कारण पुढे येईल.

तुझं घर तळ्याच्या पलीकडे, फोन दोघींकडे, तरी पत्र लिहितेय. फोनवर तू मधेच हसतेस आणि माझं बोलायचं राहून जातं. कॉन्व्हेंटमध्येही तू हेच करायचीस आणि सिस्टर मात्र मला उभं करायच्या. पत्र वाचताना हवं तेवढं हस, मला ऐकू येणार नाही.

आमच्या रांबुटानला यंदा फळ चांगलं धरलंय, अर्धं खारींनी नेलं. वॉशिंग मशीन बंद पडलंय, चादरी हातानं धुते. माझ्या नवऱ्याचा रक्तदाब आटोक्यात आहे, पण अलॉयची ही बातमी तुला माझ्याआधीच कळली असणार.

आता मुद्द्यावर येते. तुला हवी असलेली ती निळी रेसची सायकल कोणीतरी आधीच नेली, असं त्या कुआला कांग्सारच्या मुलानं तुला कळवलं. ते कोणीतरी म्हणजे मी.

पत्र लगेच फाडू नकोस. माझी बाजू वाच.

तुझा सेड्रिक देवाघरी गेल्यावर तू दार लावून घरात बसलीस, तेव्हा "तिला तुमच्या रविवारच्या सायकलवाल्या मंडळींत घ्या" असं अलॉयला मीच सांगितलं होतं. मला वाटलं, दोन आठवड्यांत दमशील. तू दमली नाहीस. बास्केटवाल्या जाडजूड सायकलवरून तू त्या टकल्या म्हाताऱ्यांच्या मागे कुआला सेपेतांगपर्यंत गेलीस, आणि अलॉय घरी येऊन मला सांगू लागला, "डोरीनची सायकल हलकी असती तर तिनं आम्हाला मागे टाकलं असतं." दर रविवारी जेवताना हेच. मी केलेल्या माशाच्या कालवणाबद्दल हा माणूस गेल्या कित्येक वर्षांत एक शब्द बोललेला नाही.

मग शनिवारही गेले. तुझ्याकडे पैसे थोडे, म्हणून जुनी सायकल बघायची, आणि जुनी घेताना फसायला होतं, म्हणून अलॉयनं बरोबर जायचं. एकीची फ्रेम तडकलेली निघाली, एकीचे गिअर गेलेले होते. अशा सहा शनिवारांनंतर मी म्हटलं, मीही येते. तुझा चेहरा पडला की नाही ते मी गाडीच्या आरशातून बघत होते. नाही पडला. उलट तू मला पुढची सीट दिली होतीस. त्याचाही मला राग आला.

त्या मुलाच्या ओसरीवर अलॉय कसा वागत होता, पाहिलंस ना? चाकं उचलून फिरवली, रिमवरून बोट फिरवलं, चेन ओढून बघितली, फ्रेमच्या खाली डोकं घालून टॉर्च मारला. आमच्या लग्नाच्या वेळी त्यानं माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतं. तो रिदवान बिचारा म्हणाला, "अंकल, आंटींची उंची किती? सायकल मापाची हवी." आणि माझा नवरा मान वर न करता म्हणाला, "उंचीवर जाऊ नकोस. पायाची आतली लांबी बहात्तर सेंटिमीटर. ही बरोबर बसेल."

बहात्तर! तू तेव्हा चपलेकडे बघत होतीस.

आणि तरीही भाव मीच केला. तुला घासाघीस करायला लाज वाटते, अलॉयला ती जमतच नाही. तो मुलगा अठराशे रिंगिट सांगत होता, घरात बाळ येणार म्हणून जागा करतोय म्हणाला. मी म्हटलं, "मग बाळ यायच्या आत न्यायला हवी. पंधराशे, आणि ते दोन जुने टायर आमच्या गळ्यात मारू नकोस." तो हसला आणि कबूल झाला. म्हणजे माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या बाईसाठी पसंत केलेल्या सायकलचे पैसे मीच कमी करून दिले. तू पेन्शन आली की देते म्हणालीस. तोही थांबतो म्हणाला, पण मधे दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याचा इलाज नाही, हेही म्हणाला. तुम्ही दोघांनी ते ऐकलं नाही. मी ऐकलं.

घरी आल्यावर मी अलॉयला विचारलं, डोरीनच्या पायाचं माप तुला कसं ठाऊक?

"घेतलं. सगळे असंच घेतात. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मधे पुस्तक वर दाबून धरायचं, पुस्तकापासून जमिनीपर्यंत टेप लावायची."

"कुठलं पुस्तक?"

"मला काय माहीत? तिच्या टेबलावर होतं ते."

डोरीन, माझं पाककृतींचं पुस्तक दोन वर्षं तुझ्याकडे आहे. आता ते परत करू नकोस.

मी म्हटलं, माझं माप तू कधी घेतलंस? त्यावर तो शांतपणे म्हणाला, "डोरीन विचारते, मेव्हिस. तू कधी काही विचारत नाहीस." एवढं बोलून तो पेपर वाचायला लागला. मी गेल्या सोमवारी सकाळी वॉशिंग मशीनचे पैसे पर्समध्ये घातले आणि बसनं कुआला कांग्सारला गेले. रिदवाननंच व्हॅनमधून सायकल आणून दिली. मी सांगितलं, ज्यांच्यासाठी भाव केला त्यांच्याच घरी चाललीय. त्याला ते खरं वाटलं.

या सायकलला स्टँड नाही, हे तुला माहीत होतं? पंधराशे रिंगिटची सायकल आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपाला टेकवून ठेवलीय.

अलॉयनं ती पाहिली, आधी दोन्ही टायर दाबून बघितले. मग म्हणाला, "हे डोरीनला तूच सांगायचंस." तेव्हापासून माझ्याशी त्याचं बोलणं म्हणजे मीठ दे आणि दार लाव. फक्त एकदा विचारलं, "तू चालवणार आहेस ही? शाळेनंतर तू सायकलला हात लावला नाहीस. सवय गेली असेल."

ते ऐकून माझ्या हातातला डाव खाली पडला. कारण त्यावरून मला कळलं की तू त्याला काही सांगितलेलं नाहीस. इतके रविवार, इतके शनिवार, एवढ्या गप्पा, आणि तरीही नाही. माझी फजिती करायची असती तर तुला एक वाक्य पुरलं असतं. तू ते बोलली नाहीस, आणि मला तुझा जास्तच राग आला.

लग्नाआधी मी त्याला सांगितलं होतं की मी कॉन्व्हेंटला रोज सायकलनं जायचे. ते खोटं नव्हतं. जायचेच. पेडल तू मारायचीस.

काल रविवारी तुम्ही सगळे गेलात आणि मी निळी बाहेर काढली. शेजारच्या मिसेस ओंग चर्चला गेल्याची खात्री करून घेतली. एका हातानं फाटक धरलं, दुसऱ्यानं ते खाली वळलेलं हँडल. कुठला पाय आधी टाकायचा तेच कळेना. टाकला, आणि थेट जास्वंदीत गेले. सायकलला काही झालेलं नाही, मी तिच्या खाली होते. तिथं पडल्या पडल्या मनात आलं, आत्ता तो बाजारातल्या दुकानात कॉफी पीत असेल, डोरीन काहीतरी बोलली असेल आणि तो मोठ्यानं हसला असेल. मला ती सायकल नको होती. मला तुमच्या कॉफीच्या टेबलाशी एक खुर्ची हवी होती, आणि 'हिलाही घ्या' असं माझ्यासाठी अलॉयला सांगणारं कोणी नव्हतं.

तर निळी तुझी. तुझ्याच मापाची आहे. पैसे पेन्शन आल्यावर दे, तोवर चादरी मी हातानं धुईन. पण तुझी बास्केटवाली मला हवी. किती घेशील ते आधी ठरव, कारण मी भाव करणार आहे.

शुक्रवारी संध्याकाळी अलॉय चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला जातो. तेव्हा ती घेऊन ये. तळ्याच्या मागच्या रस्त्याला त्या वेळी माणसं कमी असतात. मागून कॅरिअर घट्ट धर. मी ओरडले तरी हसू नकोस. आणि हात सोडायची वेळ आली की गुपचूप सोडू नकोस, डोरीन. आधी सांग, मग सोड.

'तुझी मैत्रीण' असं लिहायला घेतलं होतं. पण ते अजून हातातून उतरत नाही. म्हणून सध्या नुसतीच

मेव्हिस